शिंगराचं ओझं

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात गावातल्या साऱ्या बायका आपल्या टोपल्या किती भरल्या ते बघत होत्या. अस्सुन्ता तेवढी किती रिकाम्या राहिल्या ते बघत होती.

चार ओळी, ओळीत चाळीस द्राक्षवेली. वेली कसल्या, गुडघ्याएवढी झुडपंच ती, तांबड्या मातीत फतकल मारून बसलेली. गेल्या साली याच चार ओळींनी साठ टोपल्या भरल्या होत्या, आणि शेवटची टोपली उचलताना शेजारच्या फिलोमेनाची कंबर धरली होती. यंदा तेरा. चौदावीच्या तळाला दोन घड नि चार पानं.

"अगं, दृष्ट लागली तुझ्या वेलींना," फिलोमेना म्हणाली. तिच्या स्वतःच्या वेलींवरून घड जमिनीला टेकत होते. "की पाद्रीबाबाला यंदा सणाची अंडी पोचवायची विसरलीस?"

"म्हातारी झाली गं वेल."

"म्हातारी झाली तर रड की जरा! पीक बुडालेल्या बाईनं असं हसायचं नसतं. लोक काय म्हणतील?"

अस्सुन्तानं ओढणीचं टोक दातात धरलं आणि तोंड फिरवलं. पलीकडच्या मळ्यात बायकांनी गाणं धरलं होतं. तोडणीची गाणी तिथं कुठल्या ना कुठल्या फुलाला हाक मारून सुरू होतात.

*फूल गं बदामाचं, पानाच्या आधी येतं,*
*येणाऱ्याचं मन बाई, वाटेच्या आधी येतं.*

तिनं ते मनातल्या मनात पुरं केलं. मोठ्यानं गायचा धीर झाला नाही. मोठ्यानं म्हटलं असतं, तर वेलींना ऐकू गेलं असतं.

*

अस्सुन्ता कोळ्याची पोर. लग्न होऊन ब्रिंदिसीच्या बंदरावरून आत, या द्राक्षांच्या गावात आली, तेव्हा तिला मासा कुठल्या वाऱ्याला कुठं सापडतो ते ठाऊक होतं, पण वेलीचा फुटायचा डोळा कुठला नि गाठ कुठली ते कळत नव्हतं. लग्नाच्याच हिवाळ्यात पान्तालेओनं या चार ओळी लावल्या. त्याला सगळे लेओ म्हणत. तो खड्डे खणत पुढं जायचा, ती मागून काड्या देत जायची. दुसऱ्या वर्षी त्यानं त्यांवर कलमं बांधली.

"कसलं कलम हे?" तिनं विचारलं होतं.

"सुसुमानियेल्लो."

ती खदखदून हसली. "हे काय नाव झालं? बाळाला झोपवताना म्हणतात तसं."

"गाढवाच्या शिंगराला आमच्याकडं तसं म्हणतात." तो उकिडवा बसून ओल्या तागानं कलमाची गाठ आवळत होता. "ही वेल तरणी असते ना, तेव्हा शिंगरासारखी असते. लादाल तेवढं वाहते. खांदे मोडेस्तोवर फळते. दहा-बारा वर्षं झाली की एका साली ओझं टाकते खाली, आणि मग काही केल्या पाठीवर घेत नाही. थोडे घड देते, तिच्या मर्जीनं. पण रस!" त्यानं जिभेनं टाळ्याला टक् केलं. "आजा म्हणायचा, ओझं टाकल्यावरची वाइन प्यायला जगलं पाहिजे."

तिसऱ्या वर्षी पहिलं पीक आलं, आणि त्याच ऑक्टोबरात लेओ कामाला जर्मनीला गेला. गावातले निम्मे पुरुष गेले होते. इथली वाइनही तिकडं उत्तरेलाच जायची, पिंपांनी, त्यांच्या फिक्या वाइनला रंग द्यायला. पिंपं जायची, पुरुष जायचे, गावात राहायच्या काळ्या डागांच्या टोपल्या आणि बायका.

बसच्या पायरीवर उभा राहून तो म्हणाला होता, "अस्सू, शिंगरू वाहील तोवर मीही वाहीन. त्यानं ओझं टाकलं की मी टाकलं. लगेच घरी."

थट्टेत म्हणाला की खरं, कुणास ठाऊक. पण कोळ्याच्या घरात निघताना बोललेला शब्द थट्टेत धरत नाहीत. तिनं तो गाठीला बांधला.

त्यानंतर नऊ वर्षं पत्रं आली. महिन्याला एक, कधी दोन. एक वर्षाआड नाताळला तो स्वतः यायचा, दहा दिवस, नवा कोट घालून, नि परका वास घेऊन. प्रत्येक पत्राच्या शेवटी तोच प्रश्न असायचा, "शिंगरू कसं आहे?" आणि प्रत्येक उत्तराच्या शेवटी ती लिहायची, "वाहतंय." गावातल्या साऱ्या बायका सान रोक्कोपुढं मेणबत्ती लावून भरघोस पीक मागत. ती त्याच रांगेत उभी राहून उलटं मागायची, आणि देवाला दोन्हीकडचं ऐकताना किती अवघड होत असेल म्हणून त्याची माफीही मागायची.

वेल मात्र हट्टी. दहावं गेलं, अकरावं गेलं, बारावं लागलं. दर वर्षी साठ टोपल्या.

यंदाच्या जूनमध्ये एका सकाळी ती मळ्यात गेली. घड नुकतेच बसले होते, हिरवे, मोहरीएवढे मणी. सगळ्या फांद्या लेकुरवाळ्या. ती बघत उभी राहिली. ती पस्तीस वर्षांची होती. तिनं हात घातला नि पहिला घड मोडला. मग दुसरा. मग थांबता येईना. फांदीला तीन घड असतील तर दोन मोडले, कुठं तिन्ही. तीन सकाळी लागल्या. घाईत घडाबरोबर शेंडेही कटाकट मोडत गेले, ते तिनं पाहिलंच नाही.

चौथ्या सकाळी खाली पडलेले घड गोळा करायला टोपली घेऊन गेली, तर जमीन साफ. एक मणीसुद्धा नाही. पाखरांनी नेले असतील म्हणून तिनं जिवाची समजूत घातली.

तोडणी झाल्यावर तिनं पत्र लिहिलं. तिसरीपर्यंत शिकलेल्या हातानं, डाव्या हातानं. "साठाच्या तेरा टोपल्या झाल्या. शिंगरानं ओझं टाकलं." एवढंच. सासूला वाचून दाखवलं. सासू तेओदोरा चुलीपाशी बसून वालाची डाळ घोटत होती. तिनं मान वर केली नाही.

"बरं लिहिलंस," म्हणाली. "टाक पेटीत. वास येतोय बघ, कांदा जळतोय."

पंधरा दिवसांत उत्तर आलं. "शब्द तो शब्द. सान मार्तिनोचा पहिला प्याला घरी घेतो."

*

सान मार्तिनोचा सण अकरा नोव्हेंबरला. त्या दिवशी नव्या वाइनचं पिंप फोडतात. अस्सुन्तानं घर चुन्यानं रंगवलं. अंजिरं बदाम भरून भाजली आणि बरणीत तमालाच्या पानांत रचली. फडताळाच्या वरच्या फळीवरचे वाइनचे नऊ शिसे उतरवून पुसले. दर वर्षीच्या पहिल्या वाइनचा एक शिसा ती त्याच्या नावानं ठेवत आली होती, हवा लागू नये म्हणून वर बोटभर ऑलिव्हचं तेल ओतून. नाताळला आला तरी उघडला नव्हता. ते शिसे परत जाणाऱ्या माणसासाठी नव्हते.

आठ तारखेला फिलोमेना धापा टाकत आली.

"अगं भवाने, म्हातारी झाली म्हणालीस ना वेल? जा, बघून ये तुझी म्हातारी! दुसऱ्यांदा बाळंत झालीय ती!"

अस्सुन्ता धावली. पानं पिवळी-तांबडी होऊन निम्मी गळाली होती, आणि पानांआड जे इतके दिवस दडलं होतं ते उघडं पडलं होतं. मोडलेल्या प्रत्येक शेंड्याच्या बगलेतून नवी फूट निघाली होती आणि प्रत्येक फुटीला घड लागले होते. लहान, मुठीएवढे, पण काळेभोर. तोडणीच्या वेळी हे हिरवे, कडक, वाटाण्यासारखे असणार, कुणी बघितलेच नाहीत. आता चारी ओळी लगडल्या होत्या. शिंगरानं खाली पडलेलं ओझं गुपचूप पुन्हा पाठीवर घेतलं होतं.

कुणी म्हणावं हिला म्हातारी?

लेओ परवा येणार. आधी आईला भेटेल आणि मग मळ्यात येईल, हे ठरलेलं. आणि एका नजरेत त्याला कळेल की वेल तरणीच आहे, म्हणजे शब्दाप्रमाणं घरी यायची वेळ अजून आलेलीच नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडताच ती टोपली आणि कोयती घेऊन निघाली. लेओ यायच्या आत सारं तोडायचं, एक मणी ठेवायचा नाही.

तिसऱ्या ओळीत कुणीतरी उभं होतं. तपकिरी कोट, कपाळावरचे केस मागं सरकलेले. हातातली टोपी उलटी धरलेली, आणि टोपीत काठोकाठ काळे घड.

"स्टेशनवरून चालत आलो," लेओ म्हणाला. "आधीची गाडी मिळाली."

तिच्या हातातली टोपली पडली. तिला त्याच्याकडं धावायचं होतं आणि वेलींच्या पुढं हात पसरून उभंही राहायचं होतं. दोन्ही झालं नाही.

"अस्सू, हे काय आहे?"

"बगलफुटीचे घड."

"ते दिसतंय मला. म्हाताऱ्या वेलीला एवढी बगलफूट येत नसते." तो वाकला, एक काडी बोटांनी वर उचलली. "शेंडा मोडलाय. इथंही. इथंही. गारपीट असती तर साल सोलली गेली असती. हे हातानं मोडलंय."

अस्सुन्तानं डावा हात ओढणीत गुंडाळला.

"उजव्या हाताचा माणूस काडी एका अंगाला मोडतो. हे सगळं दुसऱ्या अंगाला आहे." त्याचा आवाज बारीक झाला. "या गावात डावखुरी बाई एकच आहे. नऊ वर्षं धड तुझा हात बघितला नाही मी. आणि आज फटफटल्यापासून बघतोय, एकशेसाठ वेलींवर."

तो चिडला असता तर बरं झालं असतं. तो काडीच्या जुन्या जखमेवरून अंगठा फिरवत राहिला, जणू ती अजून दुखत असावी.

"वेलीनं नाही टाकलं ओझं," अस्सुन्ता म्हणाली. तिला आपलाच आवाज ओळखू येईना. "मी टाकलं, लेओ. माझ्याच्यानं होईना. तिला दहा वर्षं फळायची म्हणालास. मला किती, ते विचारलंस कधी? नऊ वर्षं प्रत्येक पत्रात शिंगराची खबर! अस्सुन्ता कशी आहे, हे एका पत्रात नाही."

तो खाली बसला, तिथंच मातीत, नव्या कोटासकट.

"बायकोला कागदावर काय विचारायचं, ते मला सुचायचंच नाही," तो म्हणाला. "वेलीचं विचारता यायचं. खोलीत आम्ही सहाजण. पत्र लिहायला बसलो की सगळे खांद्यावरून बघायचे." मग खिसा चाचपत, "आणि हेही ऐक. मी नोकरी सोडून आलेलो नाही. दोन आठवड्यांची रजा आहे. बावीसचं परतीचं तिकीट खिशात आहे."

अस्सुन्ताला हसू आलं, कडू, अर्धंमुर्धं. "म्हणजे दोघंही लबाड."

"दोघंही."

बांधाच्या दगडांवरून काठीचा आवाज आला. तेओदोरा म्हातारी बकरीची दोरी धरून उभी होती. लेकाकडं तिनं डोळे भरून पाहिलं, पण तोंडातून निघालं ते वेगळंच.

"नुसता घड खुडायचा असतो, शेंडा मोडायचा नसतो! अकरा-बारा वर्षं झाली या घरात, कोळ्याची पोर ती कोळ्याचीच राहिली. मला सांगितलं असतंस तर नीट करून दिलं असतं."

"आई, तुम्हाला ठाऊक होतं?" अस्सुन्तानं विचारलं.

"मग खाली पडलेले घड काय देवदूतांनी नेले? रोज तू घरी परतलीस की मी गोळा करत होते. बकरीला घातले सगळे. पंधरा दिवस दुधाला आंबट वास." तिनं दोरी ओढली. "चल रे, लेओ. कोट झटक आधी. जर्मनीची माणसं मातीत बसतात होय?"

*

सान मार्तिनोला पिंप फोडलं. तेरा टोपल्यांची वाइन पेल्यात पडली ती शाईसारखी, पेल्याच्या काठाला जांभळी कड धरून राहणारी. लेओनं घोट घेतला, गिळला नाही, डोळे मिटून बसला. म्हातारी म्हणाली, "असा रंग तुझ्या आज्यानंतर मी आत्ताच पाहतेय."

"घड थोडे होते म्हणून," तो म्हणाला. "बाकीच्यांचं सगळं यांच्यात उतरलं."

परतीचं तिकीट आहे हे ठाऊक असूनही त्यानंतर एकेका संध्याकाळी एकेक शिसा उघडला. कापसाचा बोळा तारेला बांधून अस्सुन्ता वरचं तेल टिपून घ्यायची, लेओ ओतायचा. पहिल्याच दिवशी त्यानं विचारलं, "या साली काय झालं होतं?" आणि तिनं सांगितलं. तू गेलास, मी बसमागं कोपऱ्यापर्यंत चालले, मग शेतात जाऊन उगीच दगड वेचले. दुसऱ्या शिशाला दुसरं साल. माझे वडील समुद्रात बुडाले ते साल. तेव्हा तुला तार केली होती, तू आठव्या दिवशी पोचलास. तिसऱ्या शिशाचा आंबून सिरका झाला होता. "त्या साली काही सांगण्यासारखं घडलंच नाही," ती म्हणाली, आणि सासूनं तो सिरका रानभाजीवर ओतून टाकला.

ऐकताना लेओ पेल्याच्या बुडाचा गोल पुसत राहायचा. सातव्या शिशाला ती मध्येच थांबली. त्या साली गल्लीतल्या तीन बायकांकडं बारशी झाली होती, तिन्हीकडं हिनंच पोरांना हातात धरलं होतं. तिनं ते सांगितलं नाही. त्यानं विचारलंही नाही, पण त्या रात्री पेल्यात अर्धी तशीच राहिली.

नववा संपला तेव्हा तो म्हणाला, "हिवाळ्यात छाटणी कोण करतं?"

"तोमासोकाका. यंदा त्यांचा हात थरथरतोय."

"काडीला डोळे किती ठेवतात?"

"चार."

"चार फार झाले," तो म्हणाला. "चार ठेवले तर साठ टोपल्या होणारच. शिंगरू बिचारं काय करणार, पाठीवर जेवढं ठेवाल तेवढं उचलणार." त्यानं रिकामा पेला पालथा घातला. "म्हणजे ओझं छाटणारा ठरवतो. हे मला ठाऊक होतं गं. लहानपणापासून ठाऊक होतं."

तिनं पुढं विचारलं नाही. एकदा शब्द गाठीला बांधून पाहिला होता. पुन्हा बांधायचा तिला धीर नव्हता.

गुरुवारी तिनं त्याची पेटी भरली. इस्त्रीचे सदरे, दोन वाळलेले पाव, चीजचा गोळा, आणि कोपऱ्यात कागदात गुंडाळून अंजिरं, मोजून चोवीस. गाडी शुक्रवारी सकाळी साडेनऊची. रात्री म्हातारी जपमाळ ओढत लवकर झोपली.

सकाळी अस्सुन्ता चूल पेटवायला उठली. लेओ अंथरुणात नव्हता. पेटी दाराशी तशीच उभी होती, कोट खुंटीला. बाहेर अंगणात विहिरीच्या काठावर पितळी घमेलं ठेवलेलं होतं आणि पाण्यात, तळाशी, धारेचा दगड भिजत पडला होता. तो दगड लेओच्या बापाचा. चांगला भिजल्याशिवाय धार धरत नाही, म्हणून आदल्या संध्याकाळीच पाण्यात टाकावा लागतो.

छाटणी जानेवारीत. वेल गाढ झोपेपर्यंत कोयतीला कुणी हात लावत नाही. नोव्हेंबरात धारेचा दगड पाण्यात टाकणारा माणूस तिनं या गावात पाहिला नव्हता.

मळ्याच्या बाजूनं शीळ ऐकू आली, अर्धवट, सूर चुकलेली. ती बदामाच्या फुलाचीच चाल होती.

अस्सुन्ता आत आली. पेटीपाशी गुडघ्यांवर बसली, दोरी सोडली आणि कागदाची पुडी काढली. मग बरणी जवळ ओढून, डाव्या हातानं, एकेक अंजीर उचलून परत पानांत रचू लागली.